रूपसेन महाराज फिके पडले हो!

राणू हलगीवाल्याला कोठडीत टाकलं ते खरं बोलला म्हणून. आणि खरं बोलायचा हुकूमही राजाचाच होता.

त्याचं असं झालं. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं. त्यात एक तांबूस, ठसठशीत तारा आहे. पंचांगवाले त्याला आर्द्रा म्हणतात, कुणी काक्षी म्हणतं. वैजनगरीचे धनगर तर त्याला मृगाचा पाय समजून सरळ ‘तांबडा खूर’ म्हणत. तिथल्या राजा रूपसेनाचा जन्म आर्द्रा नक्षत्रावरचा. आपल्या ताऱ्याला कुणी खूर म्हणावं, हे त्याला कसं सोसावं? त्याने फर्मान काढलं. आजपासून ताऱ्याचं नाव रूपसेन. राजा आणि तारा एकच, एकाचं नाव तेच दुसऱ्याचं. जुनं नाव जो घेईल त्याची मेंढरं जप्त. शिवाय राणूने रोज तिन्हीसांजेला चावडीपुढे हलगी वाजवून तारा जसा दिसेल तसा गावाला सांगायचा.

सुरुवातीला झकास चाललं. “रूपसेन महाराज उगवले हो! लालभडक दिसतात हो!” राजा सज्ज्यात बसून ऐके आणि मिशीला पीळ देई. पण पुढे तारा मंदावू लागला. राणू पडला सरळमार्गी. एका संध्याकाळी त्याने हलगी बडवून सांगितलं, “रूपसेन महाराज फिके पडले हो! पार कळा गेली हो!” गाव पोट धरधरून हसलं आणि राणू कोठडीत गेला.

हल्लीचे जाणकार सांगतात की हा तारा राक्षसी मोठा आहे, सूर्याच्या जागी आणून ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल, आणि त्याचं तेज आपलं आपणच कमीजास्त होत असतं. रूपसेनाला हे कुणी सांगितलं असतं तर त्याचीही रवानगी राणूशेजारी झाली असती. राजपंडित वामनशास्त्र्यांना यातलं थोडं ठाऊक होतं, त्यांच्या आजोबांनीही आर्द्रा मंदावलेली पाहिली होती. पण शास्त्रीबुवा व्यवहारी माणूस. ते गप्प बसले.

राणूची बायको साळू ही गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे कुणाला घाबरायचं असतं हे तिला नीटसं माहीत नव्हतं. ती पदर खोचून दरबारात उभी राहिली.

“सरकार, माझा नवरा सोडा.”

“तुझ्या नवऱ्याने आमची कळा घालवली,” राजा म्हणाला. “रूपसेन पुन्हा लालभडक झाला की तो सुटेल. तोवर नाही.”

दरबारी खाली बघू लागले. साळूने मात्र मान डोलावली.

“दृष्ट लागलीया, सरकार.”

“ताऱ्याला?”

“लागंल न्हाई तर काय? एक तर नाव येवढं भारी. वर रोज हलगी लावून सांगायचं, लालभडक, लालभडक. लेकराला असं मिरवलं तर ते दुसऱ्या दिवशी दूध टाकतंय.”

“मग उपाय?”

“लेकरू किडमिडं झालं की आमच्यात भारी नाव काढून हलकं ठेवत्यात. धोंडू, दगडू. नजर लावणारा नाव ऐकूनच वाट बदलतो.”

“मग ठेव की. तुला कोण अडवतंय?”

“तुमचं फर्मान. ताऱ्याचं नाव तेच तुमचं. उद्या तारा धोंडू झाला, तर…”

दरबारात कुणाला तरी खोकला आला. तो खोकला नव्हता.

राजा ताडकन उठला. “राजाचं नाव हलकं ठेवायचं? असं कधी झालंय?”

“झालंया की. हितं सांगू, का कानात सांगू?”

राजाने तिला जवळ बोलावलं. साळू कानाशी वाकली.

“तुमच्या जन्माला माझी सासू होती. तुम्ही दूध धरंना. मग आईसाहेबांनी तुमास्नी सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं, सासूनं उचलून आणलं आन् नाव ठिवलं केरबा. पायावर चालाया लागंस्तवर तुम्ही केरबाच होता. गुण बघा कसा आला, किती दणकट झालात.”

राजाचे कान तापले. “हे कुणाकुणाला ठाऊक आहे?” त्याने हळूच विचारलं.

“सासू देवाघरी गेली. ऱ्हायले मी. पर उपाय करायचा तर हलगीवाल्याला सांगावंच लागंल. ‘केरबा महाराज उगवले हो.’”

राजाने घसा खाकरला. “शास्त्रीबुवा, या ताऱ्याचं जुनं नाव काय हो?”

“आर्द्रा, महाराज,” शास्त्रीबुवांना एकदाचं बोलायला मिळालं. “काक्षीही म्हणतात. आणि धनगर तर…”

“म्हणू द्या. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या. आमचं नाव काढा त्याच्यावरून, आत्ताच्या आत्ता.”

पण राजा तो राजाच. खाली बसताच त्याचा हट्ट पुन्हा उभा राहिला. “साळू, नाव काढलं. पण अट ती अटच. रूपसेन लालभडक झाला तरच राणू सुटेल. तारा तर अजून फिकाच आहे.”

साळू शास्त्रीबुवांकडे वळली. “बुवा, आता आभाळात रूपसेन नावाचा तारा हाय का?”

“नाही.”

“मग रूपसेन येकच उरला. त्यो हितं गादीवर बसलाय. त्येच्याकडं बघा आन् जसा दिसतोय तसा सांगा.”

शास्त्रीबुवांनी चष्मा सावरून पाहिलं. कानात ते ‘केरबा’ पडल्यापासून राजाचा चेहरा कानाच्या पाळीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पेटला होता.

“लालभडक,” शास्त्रीबुवा म्हणाले.

 राजाला असं हसू फुटलं की पगडी मांडीवर आली. राणूला तिथल्या तिथे सोडलं. साळूला जरीची साडीचोळी आणि एक दुभती म्हैस मिळाली. कानात सांगितलेलं तिने पोटातच ठेवावं म्हणून राजाने आणखी एक म्हैस दिली.