मोहरी ठेचणारी माळीण

एका राज्यात राजा धवलकेतूचे वांग्याचे शेत होते आणि त्या शेतावर चाळीस माळ्यांची घरे जगत होती. एकदा राजाने करालजंघ मांत्रिकाला पंगतीत शेवटी बसवले. मांत्रिकच तो, त्याला अपमान कुठला पचायला? शेतात मूठभर राख फुंकून तो म्हणाला, "इथे लावलेले रोप तिसऱ्या दिवशी मरेल. वर्षभरात वांगे पिकले नाही, तर शेत माझे आणि माळी देशोधडीला."

तसेच झाले. तिसरा दिवस उजाडला की रोपे माना टाकीत.

माळ्यांत भिवरा नावाची माळीण होती. तिला प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असे. सासू म्हणे, हिला देव भेटला तर ही आधी त्याचे गाव विचारील. भिवराने मेलेले रोप उभे चिरले. आतली शीर काळी पडली होती. शाप मातीतून वर चढतो हे तिने ओळखले आणि ती रानातल्या साळुंकीकडे गेली. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचे कुणाला नवल नसे.

साळुंकी म्हणाली, "तीन कामे कर. सात ओढ्यांपलीकडची तिखट मोहरी आणून पेर. फुलावर आली की मातीत गाड. मग माती भिजवून दाब आणि चौदा दिवस उघडू नकोस."

मोहरी आली, शेत पिवळे झाले. पण माळ्यांची रीत अशी, की फूल देवाचे, ते कधी ठेचू नये. म्हणून भिवराने अर्ध्या शेतातली मोहरी कापून, तान्हे बाळ निजवावे तशी अलगद सरीत ठेवली आणि वर माती ओढली. चौदा दिवसांनी रोपे लावली. तिसऱ्या दिवशी ती मेली.

भिवरा बांधावर बसून खूप रडली. रडता रडता तिने उरलेल्या मोहरीचे एक पान हुंगले. वास नव्हता. चावून पाहिले, तर झणका थेट टाळूला गेला. असे का? ती तडक साळुंकीकडे निघाली.

साळुंकी म्हणाली, "पानात दोन बहिणी वेगळ्या खोल्यांत राहतात. पान ठेचले की भिंत पडते. त्या भेटल्या की तिखट वाफ निघते, आणि शाप मरतो तो त्या वाफेने."

"हे आधी का सांगितले नाहीस?"

"तू विचारले नाहीस. रीत असते तिथे कोणी प्रश्न विचारीत नाही."

भिवराने उखळ-मुसळ शेतात आणले. माळ्यांचा म्होरक्या अंतोबा आडवा आला.

"भिवरे, फुलांवर मुसळ घालशील?"

"घालीन, काका. चाळीस घरे उठलेली मला बघवणार नाहीत."

तिने उरलेल्या अर्ध्या शेतातली अख्खी मोहरी फुलांसकट ठेचली. डोळ्यांना धारा लागल्या. काही वाफेच्या, काही दुःखाच्या. लगदा गाडला, पाणी दिले, माती दाबली. आत काय चालले आहे ते उकरून पाहण्याचा मोह होई, म्हणून तिने आपले खुरपे सासूच्या स्वाधीन केले.

चौदा दिवसांनी रोपे लावली. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. रोपे ताठ उभी राहिली, फुलली, फळली. वर्ष भरले तेव्हा करालजंघ आला आणि भिवराने त्याच्या हातावर वांगे ठेवले. ते हातात पडताच त्याचा शब्द खोटा ठरला, त्याची विद्या उतरली आणि तो खाली मान घालून चालता झाला.

शेत वाचले, चाळीस चुली पेटत्या राहिल्या. जिथे मोहरी न ठेचता गाडली होती, त्या अर्ध्या शेताच्या मातीत शाप अजून होता, म्हणून माळ्यांनी तिथे पुन्हा मोहरी पेरली. ती फुलली तेव्हा अंतोबाने फुलांच्या ढिगाला हात जोडले आणि पहिले मुसळ आपणच घातले.