धनिकेचा भागाकार

सिंहपुरात अरिंदम राजा राज्य करी, त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापारी तांड्याचे गणक होते.

तांड्यात धनिका नावाची प्रौढ स्वयंपाकीण होती. पाण्याची वाटणीही तिच्याकडेच. पण विसाच्या पुढे मोजायचे म्हटले की तिचा गोंधळ उडे. बोधिसत्त्व रोज मुक्कामावर चिंचोके मांडून तिला बेरीज-वजाबाकी शिकवू लागले, मग गुणाकार-भागाकार. जो आकडा ठाऊक नसेल त्याच्या जागी ते वाटी पालथी घालीत.

"हिच्याखाली किती ते आपल्याला माहीत नाही, धनिकाताई. नसू दे. बाकीचे मांडत चला, म्हणजे तेही कळेल."

लोक हसत. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणत. तांड्याचा नायक भद्दिल तर एकदा चिडलाच. "गणकजी, झाकली मूठ सव्वा लाखाची! विद्या आपल्यापाशी ठेवा, मी वेतन दुप्पट करतो." बोधिसत्त्वांनी नको म्हटले आणि धनिकेला पुढचा पाढा दिला.

वाळवंटाच्या मध्यावर उंट बिथरले आणि पाण्याच्या बऱ्याच पखाली फाटल्या. नऊ उरल्या, एकेकीत चाळीस तांबे पाणी. माणसे तीस, विहीर चार दिवसांवर. त्यातच बोधिसत्त्व तापाने फणफणले.

"हा काही जगत नाही," भद्दिल म्हणाला. "याला गाळा, बाकीच्यांना जास्त मिळेल." माना हलल्या. बोधिसत्त्वही क्षीण आवाजात म्हणाले, "माझा वाटा त्यांना द्या, ताई."

धनिकेला रडू फुटले. रडतरडतच तिने चिंचोके मांडले. माणशी रोज किती, तिथे वाटी पालथी घातली. नऊ चाळीस तीनशे साठ. चार दिवसांना भागून रोजचे नव्वद. तीस जणांत तीन-तीन तांबे. मग तिने एकोणतिसांत भागले. अगं बाई! पुन्हा भागून पाहिले.

"नायक, यांना गाळले तरी रोजचे तीनच येतात," ती म्हणाली. "चार दिवसांचे मिळून बारा तांबे उरतात. एकोणतीस जणांत वाटले तर अर्धा तांब्याही कुणाच्या हाती लागत नाही. एवढ्यासाठी माणूस मारायचा?"

भद्दिलने मान खाली घातली. धनिकेने पहिला तांब्या गणकाच्या ओठांना लावला. चौथ्या दिवशी तीसच्या तीस माणसे विहिरीवर पोचली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा भद्दिल तो आज भिक्षू सुदंत, धनिका ती भिक्षुणी वेणुमती, आणि तो गणक मी. मी माझे पाणीही देऊ केले होते, पण हिशेब माझा चुकला आणि तिचा बरोबर आला. तिला शिकवले, तेवढेच माझे दान फळाला आले. हीच दानाची पूर्णता, दानपारमिता."