शिवेवरचा गाडा

फार पूर्वी एका मोठ्या तळ्याच्या कडेनं, अंगतपंगतीला बसल्यासारखी, गोलाकार गावं वसली होती. घरोघरी कोंबड्या. पहाटे एका गावचा कोंबडा आरवला की पुढच्या गावचा त्याला ओ द्यायचा, मग त्याच्या पुढचा. अशी ती बांग पाण्यावरून तळ्याला फेरी मारून यायची.

त्यातल्या एका गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता, पण गावाचं नाव खाली जाईल एवढ्या विचारानंही त्याला घाम फुटायचा.

एका थंडीत सकाळीच कोंबडीवाली त्याच्या दारात धावत आली. "पाटील, माझं खुराडं गप झालंय. कोंबड्या माना टाकून पडल्यात, तुरे निळे पडलेत. तळ्यावर बदकंबी मरून पडल्यात. दवंडी द्या!"

"हळू बोल," पाटील म्हणाला. "जत्रा तोंडावर आलीय. ही गोष्ट फुटली तर आपल्या गावाकडं कोण फिरकेल?"

"आन् माणसांना झालं म्हंजे?"

"गाडा काढू."

गाडा ही तिथली जुनी रीत. रोगराई आली की लाकडी गाड्यावर हिरव्या बांगड्या, लिंबू आणि मेलेलं जनावर ठेवायचं, आणि गाडा गुपचूप पुढच्या गावाच्या शिवेत ढकलून द्यायचा. मागं वळून पाहायचं नाही, पुढच्या गावाला एक शब्द सांगायचा नाही. त्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. झालं, हात झटकले!

पाटलानं तेच केलं. कोंबडीवालीचं खुराडं जाळलं, तिला दमात घेतलं, आणि जत्रा झोकात पार पडली.

त्यानंतर एका पहाटे पाटील अंथरुणातच बांग ऐकत होता. त्याच्या गावचा कोंबडा आरवला. पुढच्या गावातून ओ आली नाही. त्याच्याही पुढच्या गावचा कोंबडा मात्र लांबून आरवला. काही दिवसांनी तोही गप्प झाला. मग त्याच्या पलीकडचा. जणू कुणीतरी अनवाणी पायांनी तळ्याकडेनं चाललं होतं आणि जाता जाता एकेका गावाचं तोंड दाबत होतं. पलीकडच्या काठावर दिवसाउजेडी चिता पेटलेल्या दिसू लागल्या.

"लांब चाललंय," पाटील स्वतःची समजूत घालायचा. तळं गोल आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण भ्यालेल्या माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

आणि एका पहाटे त्याच्या डाव्या हाताच्या, अगदी शेवटच्या गावचा कोंबडाही आरवला नाही. पाटील धुक्यातून त्या शिवेवर गेला. तिथं गाडा उभा होता. त्याच्याच गावच्या हिरव्या बांगड्या, आणि वर गावोगावच्या मेलेल्या कोंबड्यांनी भरलेल्या टोपल्यांची चळत. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. चाकाशी मात्र त्याची लहान लेक बसली होती, मांडीवर एक मलूल कोंबडी घेऊन. शेळ्या सोडायला म्हणून ती आली होती.

"बाबा, ही एकटीच जिवंत होती. मी तिला ओंजळीनं पाणी पाजलं."

पाटलानं तिला झटकन उठवून बाजूला ओढलं. तोवर मागं गावकरी जमले. "पाटील, पुरतं उजाडायच्या आत पुढं ढकलू या. कुणाला कळायचं नाही."

पाटलाचा हात गाड्याच्या दांडीवर गेलाही.

"ढकला," मागून कोंबडीवाली म्हणाली. "पुढच्या शिवेवरबी चाकाशी कुणाची तरी लेक बसंलच."

पाटलानं हात मागं घेतला. आपण काय करून बसलो, ते त्याला आत्ता कळलं आणि मान वर करवेना.

"गाडा इथंच पुरा," तो म्हणाला. "नगारा वाजवून साऱ्या तळ्याला सांगा, रोग आमच्या गावातून निघाला आणि मी तो लपवला. नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी पाखराला हात लावायचा नाही. गावातल्या सगळ्या कोंबड्या मारून खोल पुरायच्या, पहिल्यांदा माझ्या. ज्याचं खुराडं रिकामं होईल त्याला माझ्या कणगीतलं धान्य. सगळ्यात आधी ह्या कोंबडीवालीला."

लेक तापली. तिला गावाबाहेरच्या खोपीत ठेवलं. पाटील तोंडाला फडकं बांधून दारातून पेज सरकवायचा आणि बाहेरच बसून राहायचा. आता पहाटे एकही बांग नव्हती. त्या शांततेत फक्त लेकीचा खोकला ऐकू यायचा, आणि तेवढ्यावर त्याचा जीव तगून होता. एका पहाटे खोकलाही थांबला. आत डोकावून पाहायचा त्याला धीर होईना.

"बाबा," आतून आवाज आला, "भूक लागलीय."

पाटील ढसाढसा रडला.

तेव्हापासून तळ्याकाठी रीत बदलली. ज्याच्या दारी पाखरू मरेल त्यानं लगेच नगारा वाजवायचा, आणि त्याच्या खुराड्यात साऱ्या गावांनी मिळून पुन्हा पिल्लं आणून सोडायची. पुढच्या थंडीत पहिली बांग कोंबडीवालीच्या दारात उठली. ती पाण्यावरून निघाली आणि एकेक गाव ओ देत गेलं. पलीकडच्या एका काठावर मात्र ती थबकली. तिथं कोंबडा पाळायला कुणी उरलंच नव्हतं. रोज पहाटे त्या जागी बांग अडली की पाटील मान खाली घालायचा.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या शिवेत लोटलेलं संकट फिरून आपल्याच दारी येतं, म्हणून ते वेळेवर सांगावं, आणि सांगणाऱ्याला सगळ्यांनी सांभाळावं.