आठही हात वर

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा गुऱ्हाळमालक होता. नाव भूपाल. ऊस गाळायचा, रस आटवायचा, गूळ करायचा, एवढाच धंदा. तो बरा चालला होता, कारण त्यात भूपालला काहीच करावं लागत नव्हतं. सगळं गुळव्या शिवाप्पा बघायचा. काहिलीतला, म्हणजे त्या भल्या मोठ्या कढईतला, पाक जमला की तो नुसता हात वर करायचा, आणि बाकीचे सात गडी शब्द न बोलता काहील उतरवायचे. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळवाल्याचा शिवाप्पावर कधीचा डोळा होता.

"शिवाप्पा हाय तवर आपलं गुऱ्हाळ हाय," भूपालची बायको सुलोचना बजावायची. "तेवढं सांभाळा त्याला."

माणूस सांभाळायचा कसा, हे भूपालनं मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा श्रेणिक पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांना शहाणपण विकायचा. त्यानं एक भला थोरला तक्ता आणला. वर लिहिलं होतं, 'संघटन सुसंगती आराखडा'. खाली नुसती वर्तुळं आणि बाण. भूपालनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि काहिलीसमोर टांगला. कुठलाही निर्णय सगळ्यांना विचारून घ्या, असं सांगून श्रेणिक गेला.

पहिल्याच दिवशी पाक जमला. शिवाप्पानं हात वर केला. भूपाल आडवा आला. म्हणाला, थांबा, आधी सगळ्यांना विचारू. गड्यांना ओळीनं बसवलं आणि एकेकाला विचारलं, काहील उतरवायची का? सगळे हो म्हणाले. चुलवाणात जाळ घालणाऱ्या कल्लाप्पाला कमी ऐकू यायचं, त्याला तीनदा विचारावं लागलं. तोवर गूळ काळा ठिक्कर पडला.

श्रेणिक फोनवर म्हणाला, अहो दाजी, ऐन वेळी विचारत बसायचं नसतं, लगेच करून टाकायचं. भूपालनं ते मनाशी पक्कं केलं.

पुढच्या दिवशी रस नुकता चुलवाणावर चढला होता. पहिली वाफ दिसली आणि भूपालनं कुणालाही न विचारता काहील उतरवायला लावली. रस गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला. त्याचा गूळ कसला होतोय! संध्याकाळपर्यंत आठही जण तो कोमट रस बादल्यांनी उपसत बसले. शिवाप्पानं पटका सोडून झटकला आणि पुन्हा बांधला.

आता श्रेणिकनं कपाळाला हात लावला. म्हणाला, ज्याचं काम त्याला करू द्या, दुसऱ्याच्या कामात हात घालू नका. हेही भूपालला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

तिसऱ्या दिवशी चिपाडाच्या ढिगाला आग लागली. गडी बादल्या घेऊन धावले. भूपालनं त्यांना अडवलं. जाळाचं काम कल्लाप्पाचं. कल्लाप्पा घरी जेवायला गेला होता. तो येईपर्यंत सगळ्यांनी हाताची घडी घालून आग बघितली. ढीग गेला, मांडवाची एक बाजू गेली. तक्ता तेवढा वाचला.

"दाजी, आता तुम्ही एकच करा," श्रेणिक दमून म्हणाला. "सगळ्यांचं ज्यावर एकमत होईल त्याला आडवं यायचं नाही. स्वतः पुढं होऊन ते तडीस न्यायचं."

चौथ्या दिवशी सकाळी शिवाप्पा गड्यांना घेऊन दारात उभा राहिला. खाली बघून म्हणाला, "मालक, आम्ही पलीकडच्या गुऱ्हाळावर जातो."

"सगळ्यांचं एकमत हाय?" भूपालनं विचारलं.

आठही हात वर झाले. कल्लाप्पाचासुद्धा, पहिल्याच हाकेला. भूपालचे डोळे भरून आले. इतकी सुसंगती त्याच्या गुऱ्हाळात कधी झाली नव्हती. त्यानं स्वतः ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गडी बसवले. शिवाप्पाच्या हाताला सवयीची म्हणून काहीलही चढवली. वर तक्ता ठेवला.

सुलोचना धावत बाहेर आली. "अवो, आणि आपलं गुऱ्हाळ?"

"ते एकटंच विरोधात हाय," भूपाल म्हणाला. "एकापायी आठजणांचं मोडू व्हय?"

ओढ्यापलीकडं पोचल्यावर त्यानं तिथल्या मालकाच्या हातात तक्ता दिला, काहील उतरवून दिली, आणि ओळीत नववा जाऊन उभा राहिला. मग हात वर करून त्यानं अदबीनं विचारलं, "मालक, माझं काम कुठलं?"