शिवेवरच्या दोन घासांची कहाणी

ऐक गं शिवेवरच्या आई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नांदतं नगर होतं. तिथला राजा रणधवल. मिसरूड फुटलं तेव्हाच म्हणाला, सात मुलूख जिंकीन. त्याची राणी हिरावती. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती.

त्या नगरात एक वसा होता. घरचं माणूस परमुलखी निघालं, की बाईनं शिवेवर जावं. दहीभाताचे दोन घास ठेवावे. एक अलीकडे, आपल्या माणसासाठी. एक पलीकडे, तिथल्या माणसांसाठी. इकडचे सुखी, तिकडचे सुखी म्हणावं, मग माघारी फिरावं.

राजा निघाला. नगारे झडले. राणी ताट घेऊन शिवेवर गेली. एक घास अलीकडे ठेवला. दुसरा हातात धरून हसली. "ज्यांना मारायला राजे निघाले, त्यांनाच जेवू घालू?"

दासी केशर म्हणाली, "बाईसाहेब, रीत आहे."

"तुझा नवरा लढाईवर निघाला म्हणजे तू पाळ."

"माझा ताक विकायला जातो. तरी पाळते."

राणीनं ऐकलं नाही. दोन्ही घास अलीकडेच ठेवले. मग घरी आली.

तिसऱ्या दिवशी सांडणीस्वार आला. पहिलीच लढाई, पहिलाच बाण. राजा पडला.

राणी अनवाणी धावली ती शिवेवर. भर दुपार होती. ऊन पाण्यासारखं हलत होतं. झाडाखाली एक म्हातारी सुपात दाणे पाखडत होती. राणीनं ओळखलं, ही शिवेवरची आई. पाय धरले. "आई, माझा मला परत दे."

"वसा अर्धा केलास, बाळे. पण जीव अजून शिवेवर अडला आहे. तू म्हण, मागे फिरवते. मात्र सौदा माल बघून कर. तो जगला तर पुढं काय, ते सुपात बघ."

राणीनं बघितलं. दाणे सरकले, त्यांचं शहर झालं. रंगाऱ्यांची आळी, दोरीवर लुगडी, ओढ्याला निळं पाणी. रणधवल आला. मग लुगडी जळाली, ओढा लाल झाला. शिवेवर एक बाई ताट घेऊन बसली होती.

"देऊ?"

"दे. राजे लोक लढायचेच."

दाणे पुन्हा सरकले. मिठाची पेठ, बैलांच्या घंटा, गिऱ्हाइकांची घासाघीस. रणधवल आला, आता भरदार दाढीचा. मग घंटा थांबल्या. शिवेवर एक बाई बसली होती.

"देऊ?"

"दे," राणी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"घरी कधी येतो, आई?"

"अजून मुलूख बाकी आहेत ना."

दाणे तिसऱ्यांदा सरकले. रणधवल पांढऱ्या केसांचा, डोळे पुढच्या डोंगरावर. मागं धूर. शिवेवर एक कोवळी पोर, अंगावरची हळद अजून ओली. झाडाखालच्या म्हातारीचे पाय धरून रडत होती, "आई, माझा मला परत दे."

सूप थांबलं. म्हातारी म्हणाली, "आता तूच सांग. तिला काय सांगू?"

राणीनं पदर तोंडात कोंबला. सावली ह्या बाजूची त्या बाजूला गेली. मग म्हणाली, "माझ्याला जाऊ दे."

दाणे नुसते दाणे झाले. झाडाखाली कुणी नव्हतं.

राणी घरी गेली, दहीभात कालवून पुन्हा शिवेवर आली. एक घास अलीकडे ठेवला. दुसरा स्वतः घेऊन शीव ओलांडली. इकडचे सुखी, तिकडचे सुखी म्हणत चालली. ज्या गावानं बाण मारला, त्याच गावात आली. लोक बाजूला झाले. एका कोष्ट्याच्या ओसरीवर रणधवल निजवला होता. अंगावर धूतवस्त्र, तोंडात तुळशीचं पान. कोष्टीण उठली, तिनं राणीला पाट दिला.

"तुम्ही याला आत घेतलंत?"

"दारात पडलेलं पोर, बाई. पाणी मागत होतं. पाजलं."

"काही बोलले?"

"विचारलं, घर किती लांब आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, हे काय, आलंच. मग हसला, आणि डोळे मिटले."

राणी त्या ओसरीवर बसून पोटभर रडली. कोष्टीण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शिवेवरची आई तिला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. कुणाचं माणूस परमुलखी पडलं, तर त्याच्या तोंडी पाणी घालणारं कुणी भेटो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, इथं संपूर्ण.