हार्ट फेल झालेला माणूस

“पण शब्द तर बरोबर होता ना, बाई?”

डॉ. मार्था ओहोळ खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“कुठला शब्द?”

“हार्ट फेल्युअर. पायांवर सूज, फुप्फुसात पाणी, आडवं झालं की धाप. इकोमध्ये हृदयाचं आकुंचन कमी. याला दुसरं नावच नाही.”

“पेशंटला कसं सांगितलंस?”

“स्पष्ट सांगितलं. मराठीत. ‘तुमचं हार्ट फेल झालंय’ म्हणालो.”



पुरुषांच्या वॉर्डात दाराजवळची कॉट रिकामी होती. चादरीची घडी घालून उशाशी ठेवलेली. सकाळच्या राउंडला तिथं हणमंत चोपडे बसला होता. दुपारी सिस्टर गोळ्या द्यायला गेल्या, तेव्हा तो नव्हता. कुणाला काही न सांगता कपडे बदलून निघून गेला होता.

नदीकाठच्या त्या जुन्या मिशन दवाखान्यात ओहोळबाईंनी उभं आयुष्य काढलं होतं. हृदय आणि छातीच्या रोगांसाठी चार तालुक्यांतली माणसं त्यांच्याकडे येत. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून तरुण डॉक्टर धडपडत.

डॉ. निनाद वर्तक असाच पुण्याहून आला होता. हुशार होता, सुवर्णपदक मिळवलेला. पेशंट म्हणाला, “काळजात लकलक होतंय,” की निनाद म्हणायचा, “त्याला पाल्पिटेशन म्हणतात.” कुणी म्हणालं, “छाती भरून येते,” की त्याचंही इंग्रजी नाव तो तिथल्या तिथं सांगायचा. म्हाताऱ्या बायका मान डोलावायच्या. निनादला वाटायचं, त्यांना कळलं.

पण हणमंत चोपड्याला वाचवलं होतं तेही त्यानंच. माणूस आला तेव्हा ओठ निळे पडलेले, तोंडातून फेस. निनाद त्याच्या कॉटशेजारून हलला नव्हता. ऑक्सिजन, इंजेक्शनं... पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला, माणूस उठून बसला, चहा प्यायला.

मग आज सकाळी निनादनं त्याला आजाराचं नाव सांगितलं.

हणमंतानं काहीच विचारलं नव्हतं. फक्त हात जोडले होते.

“गोळ्या घेतल्या नाहीत तर छातीत पुन्हा पाणी भरेल,” निनाद म्हणाला. “अडाणीपणा आहे हा, बाई. दुसरं काय?”

बाई खिडकीपासून वळल्या.

“शर्टाची वरची बटणं काढ.”

“माझ्या?”

“तुझ्याच.”

त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्याच्या छातीवर टेकवला. डोळे मिटले.

“श्वास घे... सोड... आता धरून ठेव.”

बाईंनी जागा बदलली. पुन्हा ऐकलं. मग परत पहिल्याच जागी आल्या आणि तिथं बराच वेळ थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

त्यांनी नळ्या कानातून काढल्या.

“चल. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घे. इंजेक्शनं घे. त्याच्या गावाला जायचंय.”

“बाई, काय ऐकू आलं?”

“गाडीत बस.”

जीप बाई स्वतःच चालवत. साठी उलटून गेली होती, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देत नसत.

पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना ऊस लागला. बाईंची नजर रस्त्यावरच होती.

निनादनं शर्टाची बटणं लावली. एक चुकलं. पुन्हा लावली.

काय ऐकलं असेल? मर्मर, ठोक्यांमधली ती सळसळ? झडप गळत असेल? की अरुंद झाली असेल? की स्नायूच... कार्डिओमायोपथी. त्याच्या वयात होते. अशी माणसं धावता धावता पडतात.

हे सगळे शब्द त्याचे होते. परीक्षेच्या टेबलापुढे ते त्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडले होते. आज त्यातला एकेक शब्द छातीवर येऊन बसत होता.

मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर त्याला दम लागला होता. तेव्हा त्यानं मनावर घेतलं नव्हतं. त्यानं हळूच मनगट धरलं. ठोके मोजू लागला. एक ठोका चुकला... की तसं वाटलं?

आईला फोनवर काय सांगायचं?

“बाई, मर्मर आहे का?”

“हं...”

“हं म्हणजे?”

बाईंनी गिअर बदलला. समोरून उसाची ट्रॉली येत होती.

कालव्याच्या वळणावर निनादला राहवेना.

“बाई, गाडी थांबवा.”

बाईंनी जीप बाजूला घेतली.

“जे असेल ते सांगा मला. मी डॉक्टर आहे. मला कळतं यातलं.” त्याचा आवाज चिरकला.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“काही नाही. हृदय स्वच्छ आहे तुझं. ठणठणीत.”

“नक्की?”

“नक्की.”

निनादनं डोकं मागे टेकलं. हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांत पाणीही. हातापायांत जीव परत आल्यासारखं वाटलं. मग त्याला राग आला.

“मग इतका वेळ बोलला का नाहीत तुम्ही?”

“मी काहीच म्हटलं नव्हतं, निनाद.”



कालव्यातून पाणी वाहत होतं. पलीकडे कुणी तरी म्हैस धूत होतं.

“या गावांत,” बाई म्हणाल्या, “कुणाचं हार्ट फेल झालं अशी बातमी आली, की लोक काय करतात ठाऊक आहे?”

“काय?”

“सरणाची लाकडं आणायला जातात.”



“चला,” तो म्हणाला. “बाई, लवकर चला.”

गावात शिरतानाच मंडप दिसला.

हणमंत चोपड्याच्या दारात वासे रोवले होते. वर पांढरं कापड ताणलं होतं. खाली माणसं बसली होती, टोप्या मांडीवर ठेवून. घरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

निनाद जीपमधून उतरला. उशीर झाला होता. त्यानंच वाचवलं होतं, आणि त्यानंच...

तेवढ्यात मंडपाच्या आतून आवाज आला.

“आरं त्यो... डावीकडचा वासा... वाकडा हाय! डोळं फुटलं का?”

निनाद धावलाच.

मंडपाच्या मधोमध लोखंडी खुर्चीवर हणमंत बसला होता. पांढरं धोतर, नवा सदरा. घाम गळत होता, दोन शब्दांमागे धाप लागत होती, आणि बोट वाशाकडे होतं. आयुष्यभर पंचक्रोशीतल्या लग्नांना त्यानं मंडप घातले होते. वाकडा वासा त्याला बघवत नव्हता.

डॉक्टरांना पाहून त्यानं हात जोडले.

“या, डॉक्टर. तुमी कशाला तसदी घेतली? हाय अजून... थोडा येळ.”

“हा मंडप कुणासाठी, हणमंतराव?”

“माज्यासाठीच की. पोरींना सांगावा धाडलाय. पावनं येत्यात. आलेली मानसं... उन्हात बसवायची का?”

त्याची बायको कलावती दारात आली. पदर डोळ्याला लावलेला.

“ह्यांनी येऊन सांगितलं, डॉक्टरांनी सोताच्या तोंडानं सांगितलंय, हार्ट फेल झालं. माज्या मामाचं झालं हुतं. तांब्या तोंडाला लावला आन् गेला. पानी गिळलं बी न्हाई.”

निनादनं बाईंकडे पाहिलं.

बाई ओट्यावर बायकांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. कुणी तरी त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली होती. त्या चहा बशीत ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

निनाद हणमंताच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसला.

“हणमंतराव, माझं चुकलं.”

मंडपातली कुजबुज थांबली.

“तुमचं हृदय बंद पडलेलं नाही.”

“मग?”

“थकलंय.”

“थकलंय...” हणमंतानं तो शब्द तोंडात घोळवला.

“पूर्वीसारखा जोर राहिला नाही त्यात. रक्त पुढं ढकलायला कमी पडतं. म्हणून पाणी मागं साचतं. पायांत, छातीत. त्यानंच दम लागतो. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पाणी उतरलं, तेव्हा बरं वाटलं होतं ना?”

“लई बरं वाटलं हुतं.”

“तसंच गोळ्यांनी वाटेल. रोज घ्यायच्या. मीठ कमी. मी सांगेन तेव्हा तपासायला यायचं.”

“बरं हुईल?”

निनाद थांबला. सकाळी तो या प्रश्नाला थांबला नसता.

“अगदी नव्यासारखं नाही होणार. खोटं कशाला सांगू? पण सांभाळलंत तर ते तुम्हाला सांभाळेल. अशी कितीतरी माणसं आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात, बाईंशी भांडतात आणि चालत घरी जातात.”

“मंडप घालायला जमंल?”

“घाला की.”

“वासं उचलायचं?”

“ते नाही. वाकडा कुठला आहे, तेवढं सांगायचं.”

मंडपात कुणी तरी फिसकन हसलं. मग दुसरं. कलावतीनं पदर खाली घेतला.

हणमंत पुढं वाकला. आवाज एकदम बारीक झाला.

“म्हंजी मी आज मरत न्हाई?”

“आज नाही. पण आता माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. पुन्हा पाणी भरायला लागलंय, ते मला दिसतंय. इथं बसून राहिलात तर जड जाईल.”

हणमंताचा चेहरा पोराच्या चेहऱ्यासारखा चुरगळला. तो रडू लागला. खांदे गदगदत होते. कलावतीनं येऊन त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. चारचौघांत तिनं असं कधी केलं नसावं, पण आज कुणी नजर वळवली नाही.

निनादनं त्याच्या दंडाला इंजेक्शन दिलं. ऑक्सिजनची नळी नाकाशी लावली. धाप हळूहळू खाली बसली.

“आता या मानसांचं काय करू?” हणमंतानं डोळे पुसत विचारलं. “येवढी बोलावून घेतली.”

“जेवायला घाला,” कलावती म्हणाली. तिनं नाक ओढलं आणि आत वळून ओरडली, “अगं, चुलीवर मोठं पातेलं चढवा!”

घरातलं रडणं थांबलं होतं. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

हणमंताला जीपमध्ये बसवत होते, तेव्हा रस्त्यावर एसटी थांबली. त्याची थोरली मुलगी उतरली ती हंबरडा फोडतच. मंडप पाहिला आणि ती मटकन खाली बसणार, एवढ्यात बापाचा आवाज आला,

“शेवंता, भर रस्त्यात बसू नगं. गाड्या येत्यात.”

ती उठली. जीपपाशी आली. बापाला हात लावून पाहिलं, आणि मग त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. पुन्हा रडायला लागली, पण या वेळी हसतही होती.

परतीच्या वाटेवर हणमंत बसल्या बसल्या झोपला. कलावती त्याच्या नाकाशी नळी धरून होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी खड्डा आला की ती दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवत होती.

वॉर्डात कॉट तशीच होती. सिस्टरनी चादर उलगडली. हणमंत तीन उशांना टेकून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. सिस्टर म्हणाल्या, मिळेल, पण बिनमिठाची. तो म्हणाला, चालंल.

निनादनं खिशातलं पेन काढलं. केसपेपर समोर ओढला. लिहिता लिहिता तो निदानाच्या रकान्याशी अडला.

बाई हात धुवत होत्या.

“बाई, इथं काय लिहू?”

“काय झालंय त्याला?”

“हार्ट फेल्युअर.”

“मग तेच लिही. अक्षर नीट काढ.”

“पण तोच शब्द सकाळी...”

बाईंनी नळ बंद केला. टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

“लिही रे. कागदाला बायकापोरं नसतात.”