काजळ्याचं बी

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

झालं! यशोधनच्या कपाळाची शीर उडायला लागली. इतकी वर्षं या बाईंच्या हाताखाली काढली, पण हा एक शब्द काही पाठ सोडत नव्हता.

घाटमाथ्यावरच्या त्या गुरांच्या संशोधन केंद्रात नाईकवाडेबाईंनी कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काम जमलं तरी ‘कशावरून?’ आणि फसलं तरी ‘कशावरून?’ भले भले त्यांच्यापुढे रडकुंडीला यायचे. यशोधन कारंडे त्यातला नव्हता. पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“कशावरून म्हणजे? तुम्हीच बघा ना बाई.”

त्यानं मायक्रोस्कोपचा निळा दिवा लावला. काळ्याभोर गोलात हिरवे ठिपके चमकायला लागले. ठिकठिकाणी घोस धरून बसलेले, गोल, टपोरे.

“या काजळ्याच्या मूळपेशी,” तो म्हणाला. “वृषणातल्या लाखो पेशींमधून वेचून काढल्यात. फक्त मूळपेशीच रंग धरतील असं औषध घातलंय. त्या चमकतात. बाकीच्या नाही.”

काजळ्या हा डांगी जातीचा वळू. डोळ्यांभोवती काळी कडा, म्हणून काजळ्या. दरीतल्या चिमाबाई गभालेंच्या दावणीचा. धो धो पावसात, घोटाभर चिखलात उभी राहतील अशी गुरं त्यानं साऱ्या खोऱ्याला दिली. मग गुरांच्या लम्पी रोगाची साथ आली. काजळ्या गेला, त्याच्या वंशाचे बाकीचे वळूही गेले. वीर्य कुणी साठवून ठेवलं नव्हतं. एवढा धडधाकट वळू असा जाईल असं कुणाला वाटलं होतं?

तो गेला त्याच दिवशी यशोधननं त्याच्या वृषणाचे तुकडे काढून गोठवले होते. त्यातले बाकीचे आधीच्या प्रयत्नांत वाया गेले. शेवटचा तुकडा आता या डिशमध्ये होता.

आणि बाहेर बाकड्यावर चिमाबाई बसल्या होत्या. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, “दादा, हाय का रं माजा काजळ्या ह्या बशीत?”

“आहे म्हणजे काय मावशी, आहेच!” यशोधन म्हणाला होता. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले होते.

पलीकडे गोठ्यात एक गोऱ्हा तयार होता. त्याच्या वृषणातल्या स्वतःच्या मूळपेशी औषधानं घालवल्या होत्या. जागा रिकामी करून ठेवली होती. काजळ्याच्या पेशी तिथं सोडायच्या, त्या रुजल्या तर गोऱ्ह्याच्या अंगात काजळ्याचं बी तयार होणार. पण अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. चुकूनमाकून उरलेल्या पेशी पुन्हा पसरतात आणि दार बंद होतं. आजचा दिवस गेला की गेला.

“गोऱ्हा आडवा केलाय,” बाई म्हणाल्या. “चल.”

यशोधन जागचा हलला नाही.

“बाई… उद्या केलं तर?”

“उद्या जागा भरलेली असेल.”

“त्यांना एकदा पुन्हा वेचून घेतो. आणखी शुद्ध होतील.”

“मागच्या वेळी अशाच शुद्ध केल्या होत्यास. किती जगल्या?”

एकही जगली नव्हती.

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. उद्या दिल्लीची मंडळी येणार होती. बाई निवृत्त होत होत्या, त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते उद्या ठरणार होतं. यशोधनला त्यांच्यासमोर ही डिश ठेवायची होती, जिवंत, चमचमती. फोटो काय, फोटो सगळेच आणतात!

“निम्म्या ठेवू?” तो हळूच म्हणाला. “निम्म्या गोऱ्ह्यात सोडू, निम्म्या उद्या दाखवायला.”

“निम्म्यानं भागेल?”

त्यानं डिशचं झाकण उगाच सरळ केलं.

“तूच सांगितलंस मला. शंभर सोडल्या तर एखादीच रुजते म्हणालास. निम्म्यानं भागेल का?”

“नाही.”

“मग? अर्धं बी शेतात आणि अर्धं शोकेसमध्ये, असं म्हणतोस?”

यशोधनची कानशिलं तापली. “बाई, तुम्हाला माझं काहीच कसं पटत नाही हो? या मूळपेशी आहेत! डिशमध्ये मी त्यांना धरून ठेवलंय. इतके दिवस झाले, एकही बिघडू दिली नाही. मी म्हणेन तितके दिवस त्या अशाच राहतील.”

“अशाच राहतील?”

“अगदी अशाच.”

“थांबून राहणं दगडालाही जमतं, यशोधन.”

बाईंनी हात पुढे केला आणि निळा दिवा बंद केला.

हिरवे ठिपके विझले. मग त्यांनी साधा दिवा लावला. गोलात आता नुसत्या पेशी दिसत होत्या. गोल, फिकट, सगळ्या सारख्या. काही इथे, काही तिथे.

“आता दाखव. मूळपेशी कोणती?”

यशोधननं भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला.

“अशा नाही ओळखता येत.”

“मघाशी ओळखत होतास.”

“मघाशी रंग होता.”

“रंग तू घातलास. तिचं काम काय?”

हे त्याला तोंडपाठ होतं. त्यानं घडाघडा सांगितलं, “ती दुभंगते. एक तिथंच राहते, दुसरी शुक्रजंतू व्हायला निघून जाते. जी राहते ती पुन्हा दुभंगते. म्हणून वंश चालतो.”

“राहायचं कुणी, जायचं कुणी, कोण ठरवतं?”

“शेजार. आत तिच्या अंगाला लागून ज्या पेशी असतात, त्या.”

“इथे शेजार कोण आहे?”

“मी घातलेली औषधं.” त्याचा आवाज जरा उतरला. “म्हणजे… मी.”

“मग ती काय करणार ते तुला कधी कळणार?”

याचं उत्तर यशोधननं आपल्याच प्रबंधात लिहिलं होतं. त्या वेळी ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं होतं.

“आत सोडल्यावर,” तो म्हणाला. “आत सोडली, रुजली, शुक्रजंतू झाले, होत राहिले… की मग म्हणायचं, ती मूळपेशी. मागून कळतं.”

“आणि आधी?”

“आधी नाही कळत, बाई.”

“आणि ती डिश?”

“डिश रिकामी झालेली असते.”

बाहेर चिमाबाई कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या, “माजा काजळ्या हाय आत. डाक्टरदादानं सवता सांगितलं मला.”

यशोधनला भीती वाटली. खरीखुरी. एवढा वेळ त्याला वाटत होतं की आपल्या हातात काजळ्या आहे. आता कळलं की हातात फक्त चिमूटभर पेशी आहेत आणि त्या कोण आहेत हे देवालाच ठाऊक. डिशमध्ये होत्या तोवर तो जिंकलेला होता. सोडल्या की हरण्याची वाट मोकळी. खुर्ची गेली असती, आणि चिमाबाईंना काय तोंड दाखवायचं?

बाईंनी त्याला घाई केली नाही. घड्याळाकडेही बघितलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यानं डिश उचलली.

पेशी सिरिंजमध्ये ओढल्या. त्यात निळ्या रंगाचा थेंब घातला, म्हणजे आत पसरताना कळावं. एक पेशी मागे राहू नये म्हणून डिश दोनदा धुऊन घेतली. मग ती ओट्यावर उपडी ठेवली.

गोऱ्हा गुंगीत आडवा पडला होता. चिमाबाई कुणी न सांगता त्याच्या डोक्याशी येऊन बसल्या आणि त्याचे कान कुरवाळायला लागल्या. बाईंनी सोनोग्राफीचं यंत्र धरलं. पडद्यावर सुईचं पांढरं टोक हळूहळू आत सरकलं.

“डावीकडे,” बाई म्हणाल्या.

तो डावीकडे सरकला.

“थांब.”

तो थांबला.

गोऱ्ह्यानं मागचा पाय झटकला. सुई हलली. यशोधनचा हात मात्र सुटला नाही. चिमाबाई पुटपुटल्या, “व्हय रं बाबा, व्हय, झालंच आता.” पाय सैल पडला. टोक पुन्हा जागेवर आलं.

“सोड,” बाई म्हणाल्या.

त्यानं दट्ट्या दाबला. सावकाश. कातडीखाली निळी झाक पसरत गेली. सिरिंज रिकामी झाली.

चिमाबाईंनी विचारलं, “आला का दादा माजा काजळ्या?”

सकाळचं उत्तर यशोधनच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

“माहीत नाही मावशी,” तो म्हणाला. “सकाळी मी उगाच छाती ठोकून बोललो. चुकलं माझं. हा गोऱ्हा वयात येईल तेव्हा कळेल. कदाचित येईल. कदाचित नाही.”

म्हातारीनं त्याच्याकडे रोखून बघितलं. आता शिव्याच खाव्या लागणार, असं त्याला वाटलं.

“मंग ह्याला वैरण चांगली घाला,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कान कुरवाळायला लागल्या.

यशोधन नळावर हात धूत होता. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बोटांवरचा निळा डाग काही निघत नव्हता.

“उद्या त्यांच्यापुढे काय ठेवू बाई? माझ्याकडे काहीच नाही.”

“नाहीच.”

“मग ते मला कशाला घेतील? निदान तुम्ही तरी सांगा. इतकी वर्षं तुमच्यापाशी आहे. तुमच्या त्या खुर्चीला मी लायक आहे ना?”

बाईंनी पदराला हात पुसले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि नळाच्या कट्ट्यावर, त्याच्या ओल्या हाताशी ठेवला.

“खुर्ची मी सकाळीच रिकामी केलीय,” त्या म्हणाल्या. “लायक होतास की नाही, ते तुझ्यामागून येणारे सांगतील.”